शेजारची सीट

गाडी बावीस वर्षांची होती आणि तिच्यातून एक आवाज येत होता. डांबरी रस्त्यावर ती मुकाट चालायची. दगडगोट्यांच्या वाटेवर, वीस-पंचवीसच्या वेगात, पुढच्या बाजूला खाली कुठेतरी सुरू व्हायचं: टक, टकटक, टक. त्या आवाजापायी पाच आठवड्यांत पुढचे बुश बदलून झाले, शॉकअप बदलून झाले, स्टिअरिंगचे सांधे आणि इंजिनाखालचे रबरही नवे आले. आवाज जसाच्या तसा.

मालकाने जमीन मोजणीच्या खात्यात एकतीस वर्षं काढली होती, म्हणून गॅरेजात त्यांना मोजणीसाहेब म्हणत. निवृत्त होऊन दोन वर्षं उलटली तरी मोजायची टेप खिशातून गेली नव्हती. गाडीची वहीही तशीच. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, काय केलं, असं सगळं तिच्यात नोंदलेलं. सध्याची वही सहावी होती.

बारा वर्षांपूर्वी गाडी जुनीच घेतली, तेव्हा ती साधी, पाच माणसांची डिझेल गाडी होती. मग एकदा चिखलात रुतली, म्हणून पुढे दोराने ओढून काढणारं विंच बसलं. एकदा रानात टायर बसला, म्हणून हवेचा पंप. एकदा दूध नासलं, म्हणून छोटा फ्रीज. फ्रीजसाठी दुसरी बॅटरी. या सगळ्याच्या वजनासाठी मागे जाड पाटे. अंथरुणाशेजारी विंचू निघाला, म्हणून छतावर घडीचा तंबू. मागच्या बाकाच्या जागी लाकडी खण आले. बायको म्हणायची, "आता फक्त दारावर नावाची पाटी लावायची राहिलीय."

बायको इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती आणि बारा वर्षं प्रत्येक सहलीला शेजारच्या सीटवर असायची. गेल्या तीन सहलींना ती आली नव्हती. पहिल्या वेळी ड्यूटी होती, दुसऱ्या वेळी सर्दी. तिसऱ्या वेळी तिने कारणच दिलं नाही. "मला नाही झेपत आता. तुम्ही जा," एवढंच म्हणाली.

ते एकटे गेले. तळ्याकाठी सवयीने दोन खुर्च्या उघडल्या आणि एक पुन्हा मिटून ठेवली. आवाज त्याच सुमाराला सुरू झाला होता. साहेबांनी दोन्हींची सांगड घातली. गेल्या वर्षी ओढ्यात गाडी बंद पडून नऊ तास अडकलो, तेव्हापासून हिचा गाडीवरचा विश्वास उडाला. आणि आता तर गाडी वाजायलाही लागली. आधी आवाज घालवायचा, मग तिला पुन्हा विचारायचं. तेव्हाही नाही म्हणाली, तर गाडी देऊन टाकायची. गिऱ्हाईक दोनदा येऊन बघून गेलं होतं. एकट्याने तंबू उघडण्यात त्यांना राम वाटत नव्हता. तळ्याची सहल रविवारवर आली होती आणि आज बुधवार होता.

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि उलट्या डब्यावर बसला. पन्नाशीचा माणूस, उठताना एक हात कमरेवर, एक बंपरवर.

"साहेब, तुमच्या गाडीखाली जेवढा झोपलो, तेवढा घरी झोपलो नाही. खाली काही नाही. बोटभरही काही हलत नाही."

"मग वाजतं काय?"

"मला कधी वाजलंय? तीन वेळा ट्रायलला आलो तुमच्याबरोबर. तिन्ही वेळा गप्प. पेशंट घरी रात्रभर खोकतो आणि डॉक्टरसमोर आला की ठणठणीत, तसलं आहे हे."

"म्हणजे मी खोटं सांगतोय?"

"तसं नाही." मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. फडकं हातांपेक्षा काळं होतं. "पण माझ्या घरी आता म्हणतात, त्या साहेबांना कानाच्या डॉक्टरकडे पाठव."

दोघंही दमले होते आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगायचं नव्हतं.

"एक करू," मिस्त्री शेवटी म्हणाला. "आज मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर असतं. तुम्ही फक्त ऐका. कान उघडे, तोंड बंद."

गॅरेजच्या मागून भंगाराच्या यार्डापर्यंत एक दगडाळ वाट जात होती. साहेब शेजारच्या दाराने चढले आणि चढतानाच अडले. दारावरची धरायची मूठ नव्हती. तिथे त्यांनीच चार वर्षांपूर्वी वायरलेसचा संच बसवला होता. कसेबसे आत आले. सीट मागे सारायला खालची दांडी ओढली, तर सीट दोन बोटं सरकून खणांना टेकली. पाठ मागे झुकवायला गेले, तर तीही तिथेच. समोर डॅशबोर्डखाली पत्र्याची पेटी: हवेचा पंप, दुसऱ्या बॅटरीचे फ्यूज, सगळ्या वायरी. पाय ठेवायची जागा गिअरबॉक्सच्या बाजूने तापलेली. साहेबांनी ही पेटी स्वतः आखली होती, मिलिमीटरमध्ये. या सीटवर बसून तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. बारा वर्षांत ते या सीटवर बसलेच नव्हते.

"बसलात नीट?" मिस्त्रीने विचारलं.

"बसलो."

गाडी दगडांवर चढली. धरायला मूठ नव्हती, म्हणून साहेबांनी अंग सावरायला गुडघा समोरच्या पेटीत रोवला. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. आवाज नाही. यार्डाचं फाटक आलं, मिस्त्रीने गाडी वळवली, एक भुवई उचलून साहेबांकडे पाहिलं. कान उघडे, तोंड बंद.

परतीच्या निम्म्या वाटेवर गुडघा ठणकायला लागला. पेटीच्या झाकणाची कड बरोबर वाटीखाली रुतत होती. त्यांनी पाय जरा आत घेतला.

टक. टकटक. टक.

मिस्त्रीने झटकन मान वळवली. साहेबांनी गुडघा पुन्हा टेकवला. आवाज थांबला. काढला, वाजायला लागला.

"थांबा, मिस्त्री."

गाडी थांबली. मिस्त्री वाकला आणि झाकणावर एक बोट आपटलं. टक. पेटी तळाच्या पत्र्याला बोल्टने पक्की केलेली होती, त्यामुळे आवाज खालून आल्यासारखा वाटायचा.

"ह्याच्यासाठी मी बुश बदलले?" मिस्त्रीने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "मी इथे बसायचो तेव्हा माझाच गुडघा दाबून असायचा. म्हणून मला कधी वाजलं नाही. तुम्ही एकटे असलात की वाजणार. आणि वहिनी यायच्या तेव्हा पण..."

तो बोलता बोलता थांबला आणि नसलेली धूळ काचेवरून पुसायला लागला.

साहेबांनी खिशातून टेप काढली. सीटच्या कडेपासून पेटीपर्यंत सत्तावीस सेंटिमीटर. मग पलीकडे वाकून चालवणाऱ्याच्या बाजूचं मोजलं: एकावन्न. वही मांडीवर होती. त्यांनी ती उघडली नाही.

गॅरेजात पोचल्यावर मिस्त्री म्हणाला, "रबराचा वायसर टाकून झाकण आवळतो. पाच मिनिटांचं काम. संपला विषय."

"नको. पेटी काढा."

"काढा म्हणजे? पंप तिच्यात, फ्यूज तिच्यात. फ्रीज बंद पडेल, साहेब."

"पडू दे. मागचे खणही काढा."

"मग हिच्यात राहणार काय?"

"सीट," साहेब म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दहा नंबरचा पाना उचलला.

खण रिकामे करताना दोर, हुक, पत्र्याच्या डिशा, स्टोव्ह, वापरात न आलेल्या तीन ताडपत्र्या असं काय काय निघालं. तळाशी जुन्या पाच वह्या होत्या. साहेब उलट्या डब्यावर बसून त्या चाळत राहिले. तिसऱ्या वहीत, सहा वर्षांपूर्वीच्या पानावर, त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: 'पंपाच्या पेटीचं झाकण सैल. ही म्हणते वाजतं, गुडघ्याला लागतं. किरकोळ. पुढच्या वेळी बघू.' खालच्या ओळीपासून छतावरच्या तंबूचं काम सुरू होत होतं. ते अडीच पानं होतं.

घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती. एक पाय दुसऱ्या स्टुलावर लांब केलेला, गुडघ्याला पट्टा. तो पट्टा साहेब कित्येक वर्षं बघत होते. थिएटरात दिवसभर उभं राहून होत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"आवाज सापडला," ते म्हणाले.

"हो? कुठे होता?"

"तुझ्या गुडघ्यापाशी."

तिने शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले. "झाकण ना?"

"तुला माहीत होतं?"

"सहा वर्षं दाबून धरलंय, माहीत नसायला काय झालं? सोडलं की वाजायचं. वाजलं की तुम्ही गाडी थांबवणार, टॉर्च घेऊन खाली झोपणार, दीड तास कुठे गेला पत्ता नाही. आणि मी बाहेर दगडावर बसून माश्या मारणार. त्यापेक्षा गुडघा बरा."

"अगं, सांगायचं तरी."

"सांगितलं होतं."

साहेब दाराच्या चौकटीला टेकले. "हो. वहीत आहे."

आता तिने मान वर केली. "वहीत? काय लिहिलंय?"

"पुढच्या वेळी बघू."

ती हसली, पण त्या हसण्यात फारसं गोड काही नव्हतं. "चला. निदान नोंद तरी झाली."

"पेटी काढून टाकली. मागचे खणपण. तुझी सीट आता पूर्ण मागे जाते. मी बसून बघितलं."

"तुम्ही बसून बघितलंत?" तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आणि फ्रीज?"

"बंद. पाणी कोमट पिऊ." पाच आठवडे ज्या प्रश्नासाठी गाडी उलटीपालटी केली, तो विचारायची आता भीती वाटत होती. "रविवारी येतेस?"

"तळ्याला नाही. तीनशे चाळीस किलोमीटर. नको." त्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, "राग आहे म्हणून नाही. म्हणजे, आहे थोडा. पण मी खरंच दमलेय हो. चौतीस वर्षं उभी आहे मी."

"मग जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत."

ती बराच वेळ मटार सोलत राहिली. भांडं निम्मं भरलं.

"जुन्या खाणीपर्यंत," ती म्हणाली. "चाळीस किलोमीटर. आणि दिवेलागणीच्या आत घरी. त्याच्यापुढे एक पाऊल नाही."

"कबूल."

रविवारी दुपारी निघाले. दारावर मूठ पुन्हा आली होती. वायरलेस मिस्त्रीच्या कपाटात गेला होता. पेटीच्या जागी तळाला चार भोकं उरली होती, त्यांत रबराची बुचं. ती चढली, दांडी ओढली, आणि सीट मागे, आणखी मागे गेली. तिने पट्ट्याचा पाय लांब केला. तो कुठेच लागला नाही, तेव्हा खात्री करायला दुसराही केला. "हं," एवढंच म्हणाली.

पंधराव्या किलोमीटरला ती झोपली. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सुटे. डांबर संपलं, दगड सुरू झाले. मागे रिकाम्या जागेत काहीतरी किणकिणत होतं, चमचा असावा. एरवी साहेब केव्हाच खाली उतरले असते. ते पंधराच्या वेगाने, दगड चुकवत जात राहिले.

खाण आली. सपाट जागा, कडेला साचलेलं हिरवं पाणी. वाट तिथे संपत नव्हती. पुढे डोंगराला वळसा घालून ती तळ्याच्या रस्त्याला मिळत होती. टाकी भरलेली होती. ती झोपेत होती, आणि कळेपर्यंत तासभर सहज गेला असता. साहेबांनी त्या वळणाकडे पाहिलं आणि गाडी खाणीच्या सपाटीवर उभी केली.

इंजिन बंद केलं नाही. बंद करताना ही गाडी एक हिसका देते, त्याने ती जागी झाली असती. उभ्या गाडीत डिझेल जाळणं म्हणजे गाढवपणा, असं त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवलं होतं. पंचवीस मिनिटं ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

ती जागी झाली. बाहेर पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आलो?"

"आलो."

"कधी?"

"झाला थोडा वेळ."

"मग बंद नाही केलीत ती?"

"तुला जाग आली असती."

खाणीच्या पाण्यावर दोन पक्षी उतरले, उठले. तिने डोळे चोळले. "चहा करा की मग. स्टोव्ह कुठल्या खणात आहे?"

साहेबांचा हात अर्ध्यावर थांबला. खणांतून काढलेलं सगळं सामान, स्टोव्हसकट, गॅरेजातच राहिलं होतं.

"अहो?"

"खण मिस्त्रीकडे आहेत. स्टोव्हही."

तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या मोकळ्या जागेकडे, जिथे एकटा चमचा लोळत होता. मग तिला हसू आलं. या वेळचं हसू निराळं होतं. त्या हसण्याने खोकला आला, आणि साहेबांनी कोमट पाण्याची बाटली पुढे केली.

"बारा वर्षं अख्खं घर लादून फिरवलंत," पाणी पिऊन ती म्हणाली, "आणि आज चमचा घेऊन आलात." तिने पाय पुन्हा लांब केले, डोळे मिटले. "आता घरी चला. आणि पुढच्या वेळी स्टोव्ह घ्या. माझ्या पायाशी नाही. मागे."

साहेबांनी गाडी वळवली. वही दाराच्या कप्प्यात होती. घरी पोचेपर्यंत त्यांनी ते एकच वाक्य मनात धरून ठेवलं, आणि गाडी लावल्यावर, ती उतरून आत गेल्यावर, सहाव्या वहीत लिहिलं: 'स्टोव्ह. मागे.'