सत्तेचाळीस नंबर

अगं, नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस, आणि कुणाला सांगूही नकोस. मला अजून काही सुचत नाहीये.

आमच्या ऑफिसातले पेन्सिलकाका माहितीयेत ना? विधेयकांचं भाषांतर तपासणारे, कानावर कायम लाल पेन्सिल. मी पहिल्या दिवशी ‘मंत्र्यांनी कायदा एनॅक्ट केला’ असं लिहिलं, तर त्यांनी ‘मंत्र्यांनी’वर सरळ काट मारली. म्हणाले, "मंत्री मसुदा मांडतो. एनॅक्ट, म्हणजे संमत, सभागृह करतं. मतं पडली, राज्यपालांची सही झाली, की मग तो कायदा. तोपर्यंत नुसता कागद. मंत्री असो नाहीतर तुझा बाप, एकट्याच्यानं एनॅक्ट होत नाही." तेव्हापासून तो शब्द आला की मला माझा बापच आठवतो.

तर शुक्रवारी नदीकाठ मोकळा करायचं विधेयक आलं. आमच्याकडे छापायच्या आधी दोन्ही प्रती ताडून बघतात. मी आपली मराठी प्रत मोठ्यानं वाचायची, काकांनी इंग्रजी प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. आणि सभागृहात मांडेपर्यंत त्यातला शब्दही खोलीबाहेर न्यायचा नाही. तशी सही घेतात आमची.

शेवटी पाडायच्या घरांची यादी. मी आपली गाडी सोडल्यासारखी वाचत सुटले. "बंधारा गल्ली, पंचेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस..."

काकांचं पान उलटेना. मला वाटलं डुलकी लागली. मान वर केली तर त्यांचं बोट एका जागी टेकलेलं.

"काका, पुढे जाऊ?"

"थांब. सत्तेचाळीस राहिला. टाइप करणाऱ्यानं गाळलाय."

"एका घरानं काय होतंय?"

"प्रतींत फरक राहिला तर कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळतं. ते घर कुणाला पाडता येत नाही मग." एवढं बोलून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि समासात आकडा लिहिला. सावकाश, शाळेतल्या मुलासारखा घोटून. मग पाणी प्यायला गेले ते पाऊण तासानं आले.

रविवारी त्यांनी मला बोलावलं. चार महिन्यांनी रिटायर होणार, लग्नबिग्न केलेलं नाही, तर धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार. म्हणाले, "शब्दकोश जड आहेत, एक खोका तू धर." मी खोका घेऊन त्यांच्या मागे मागे. कोपऱ्यावर पाटी, ‘बंधारा गल्ली’. मनात म्हटलं, गल्लीत घरं काय कमी आहेत? आणि काका ज्या दारापुढे थांबले ना, त्यावर निळ्या रंगानं सत्तेचाळीस.

मी खोका खाली ठेवून आकडा परत वाचला.

काकांची बहीण, मी तिला आत्याच म्हणते, दारातच. हात सिमेंटनं भरलेले. "ये पोरी. दादा, गवंडी जेवायला गेलाय, तेवढ्यात वर चल. तुझ्या खोलीची खिडकी ठरव." मग माझ्याकडे बघून, "यानं जन्मभर लोकांच्या चुका काढल्या गं, म्हणून बायको नाही मिळाली. आता माझ्या काढेल."

"तुझ्या वहीभर होतील," काका म्हणाले.

वर भिंती छातीपर्यंत आलेल्या. आत्या पाण्याला खाली गेली तशी मी कुजबुजले, "काका, त्यांना सांगा ना. निदान काम तरी थांबवतील."

"एनॅक्ट झालाय का?"

"नाही, पण..."

"मग अजून नुसता कागद आहे. कागदावरचं बाहेर सांगायचं नसतं."

"पण तो आकडा तुम्ही लिहिलात. गप्प बसला असतात तर..."

"इंग्रजीत होता," ते म्हणाले. बस. एवढंच. आवाज तसाच, ऑफिसातला.

आत्या तांब्या घेऊन वर आली. "मग कुठे? नदीकडे ठेवू की रस्त्याकडे?" काका विटा बघत राहिले, तशी ती माझ्याकडे वळली. "तू सांग पोरी. याला काय, अंधारातही वाचत बसेल."

काकांनी कानावरची लाल पेन्सिल काढली, नदीकडच्या भिंतीपाशी गेले आणि विटेवर एक चौकोन काढला. चारही रेघा सरळ.

"इथे," म्हणाले. "सकाळचं ऊन येईल."

आत्या अजून माझ्याकडेच बघत होती, मी हो म्हणावं म्हणून. मी मान हलवली गं. सोमवारी विधेयक मांडायचंय, तोवर गवंडी ती भिंत चढवत राहणार. तू असतीस तर काय केलं असतंस?