प्लास्टरवरची पिशवी

कामावर निघण्याआधी आचारी रोज न चुकता एक काम करायचा. बायकोच्या प्लास्टर घातलेल्या उजव्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवायचा आणि ती कोपराशी सुतळीने बांधायचा.

"घट्ट नाही ना झालं?"

"नाही हो."

"मग घे आटपून भांडी."

मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: प्लास्टर भिजवू नका आणि या हाताने काम करू नका. पठ्ठ्याने पहिली तेवढी ध्यानात ठेवली! कारखान्याच्या कँटीनमध्ये हा दोनशे माणसांचं जेवण रांधायचा, वेळ पडली तर पातेलीही घासायचा. घरी मात्र स्वतःचा उष्टा पेला उचलायचा म्हटलं तरी त्याला कमीपणा वाटे. ते बायकांचं काम. शेजारीण म्हणायची, "नशीब काढलंस गं बाई, किती जपतो नवरा!" आणि हा मान ताठ करून जिना उतरायचा.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हाड सरकलंय. काय हो, घरात तुमचं लक्ष होतं की नाही?"

बायकोला ते सहन झालं नाही. "त्यांना नका बोलू हो. भांडी घासताना पाणी जाऊ नये म्हणून रोज स्वतःच्या हाताने पिशवी बांधून देतात!"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कोपरावरचा सुतळीचा लाल वळ पाहिला. मग आचाऱ्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"ऑपरेशन करावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"पण सुई धरता येईल ना? माझं शिवणकाम आहे," बायको म्हणाली.

"प्रयत्न करू."

घरी आल्या आल्या तो बाह्या सारून मोरीपाशी गेला. सकाळची भांडी तशीच पडली होती. त्याने इकडे शोधलं, तिकडे शोधलं. अठरा वर्षांच्या संसारानंतरही त्याला बायकोला विचारावं लागलं, "घासणी कुठे असते गं?"

ती लगबगीने उठली. खिळ्यावरची पिशवी काढून तिने हात त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही नुसती बांधून द्या. मी घासते."

त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने पिशवी घेतली, चोळामोळा करून कचऱ्यात टाकली आणि तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

दार उघडंच होतं. शेजारणीने डोकावून तोंडाला पदर लावला. "अगंबाई! नवऱ्याला भांडी घासायला लावलीस?"

एरवी त्याने हातातलं पातेलं लपवलं असतं. आज तो दाराकडे वळला.

"तिने नाही लावलं, वहिनी. मीच तिला मोडक्या हाताने घासायला लावत होतो. तुम्ही ज्याला जपणं म्हणत होता ना, ते हेच."

शेजारणीचं हसू विरलं. एवढ्यात तिच्या घरातून नवऱ्याची हाक आली, "अगं, पाणी आण!" ती निघाली, पण स्वतःच्या उंबऱ्यातच थबकली.