दस्ता काळा का पडला

मी थ्री नॉट थ्री बंदुकीचा जुना दस्ता आहे. बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकवतात, तो मी. लातूरच्या एका कॉलेजात, एन.सी.सी.च्या खोलीत भिंतीला टेकून उभा असतो. परवा हदगावचा एक मुलगा मला पाहून म्हणाला, किती घाण काळं पडलंय हे. मित्रांनो, मला राग आला. घाण आहे, हे खरे. पण ती कुणाची, हे तर विचाराल?

मी अक्रोडाच्या लाकडाचा. मुळात माझा रंग मधासारखा होता. कारखान्यात मला तासले, जवसाचे तेल पाजले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात धाडले. लोकांना वाटते, लाकूड जुने झाले की आपोआप काळे पडते. नुसत्या वयाने इतके काळे होत नाही. छावणीत शिपाई मला आधी पुसत, मग तळहाताने तेल चोळत. लढाईत पुसायला वेळ कुठला? घाम, चिखल, काडतुसांच्या दारूची काजळी, लोखंडाचे वंगण, सगळे अंगावर असायचे आणि त्यावरच जवसाचे तेल रगडले जायचे. तेल मुरताना मळालाही सोबत घेऊन आत जाई. ओलीने लाकूड फुगले की नेम चुकतो, आणि तिथे नेम चुकला की जीव जातो. म्हणून माझा पहिला शिपाई रामकिशन स्वतः जेवण्याआधी मला तेल लावायचा. एके सकाळी तो उठला नाही. मी दुसऱ्याच्या हातात गेलो आणि त्याच्या घामावर दुसऱ्याचा घाम चढला. परेडला साहेब माझ्या काळ्या अंगावर बोट फिरवून शाबासकी देत. मला त्याचा तोरा होता.

पुढे मी पोलिसांकडे आलो आणि फिरत फिरत लातूरला पोहोचलो. तिथे मला व्यंकटी मिळाला. चाकूरचा हा शिपाई भित्रा, पण कामाला चोख. त्याच्या एका सोबत्याची बंदूक एस.टी.त राहिली आणि नोकरी गेली, तेव्हापासून व्यंकटी मला तळहाताच्या फोडासारखा जपायचा. बायकोच्या केसांपेक्षा बंदुकीला तेल जास्त, अशी सगळे त्याची चेष्टा करत.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला आम्ही मुरुडला होतो. पहाटे जमीन हलली. उजाडल्यावर आम्हाला ट्रकने किल्लारीकडच्या एका गावात नेले. गाव उरलेच नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर बसल्या होत्या. साहेबांनी सांगितले, ढिगाऱ्यांवर चोर येतील, पहारा ठेवा, बंदूक हातातून सुटता कामा नये.

आमच्या वाट्याला आलेल्या ढिगाऱ्यावर साखराबाई नावाची म्हातारी एकटीच दगड उपसत होती. गोठ्यात निजली म्हणून ती वाचली होती. खाली तिची नात सुकन्या होती आणि आजीला हाका मारत होती. गावात ज्याच्या त्याच्या घरात कुणीतरी अडकलेले, मदतीला येणार कोण? व्यंकटी धावला. त्याने मला पट्ट्याने पाठीला लावले, पण तो वाकला की मी घसरून पुढे येई आणि दगडावर आपटे. ओरखडा पडला तर जाब द्यावा लागेल, म्हणून दर खेपेला तो दगड सोडून मला सावरी. शेवटी त्याने मला एका हातात धरले आणि दुसऱ्या हाताने दगड ओढू लागला. मोठे दगड एका हाताने हलत नव्हते.

"बाबा, ती बंदूक ठेव की खाली," साखराबाई म्हणाली. "दोन्ही हात लाव."

"सरकारी हाय, माय. सोडता येत न्हाई."

सुकन्याचा आवाज बारीक होत गेला आणि मग थांबला. तेव्हा व्यंकटीने मला चिखलात टाकले आणि दोन्ही हातांनी उकरू लागला. पोर सापडली, पण गेलेली होती.

संध्याकाळी पाऊस लागला. शेजारी चिता पेटल्या होत्या. साखराबाई ढिगाऱ्यातून निघालेली जवसाच्या तेलाची बरणी घेऊन आली आणि व्यंकटीपुढे ठेवली.

"घे. तुझ्या बंदुकीला लाव. आमच्यात आता खाणारं कोन राहिलंय?"

ती रागावली नव्हती. तेच जास्त लागले. व्यंकटी सोललेल्या तळव्यांनी मला तेल चोळत राहिला, आणि त्याचे रक्त, तिथली माती, चितांचा धूर, सगळे माझ्यात मुरले. त्या थराचा मला तोरा नाही. मला त्याची लाज वाटते.

पुढे पोलिसांकडे नव्या बंदुका आल्या. आमच्या बंदुकीची नळी बुजवून मला कवायतीसाठी इथे दिले. आता लातूरच्या गल्लोगल्ली क्लास आहेत. लांबलांबून मुले डॉक्टर व्हायला येतात, परेडला कुणाला सवड नसते. मला तेल लागून वर्षे झाली, वाळवी पायाशी आली आहे. त्याचे काही नाही. पण कधी एखादे पोर माझ्याशेजारी बसून गुडघ्यात डोके घालून रडते. सोबती दाराशी थांबतो, हातातल्या नोट्स छातीशी धरतो, चारला टेस्ट आहे म्हणतो आणि निघून जातो. मला तेव्हा व्यंकटी दिसतो.

मित्रांनो, वस्तू जपा, असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. मीही तेच सांगितले असते, कारण जपल्यामुळेच मी इतकी वर्षे टिकलो. सुकन्या टिकली नाही. म्हणून माझे एवढेच ऐका. कुणी हाक मारली, तर हातात जे काही असेल ते आधी खाली टाका.