लोकांना फार आवडलेलं फाटक

मी एक बाग आहे. हसू नका, टेबलावर मावेन एवढीच आहे. थर्माकोलची जमीन, स्पंजची झाडं, आगकाड्यांची बाकं. नव्या बागेची प्रतिकृती म्हणतात मला. ज्यांनी मला घडवलं त्यांनी बाग होणार होती ती मोकळी जागा कधी पाहिलीसुद्धा नव्हती. गारेगार खोलीत बसून त्यांनी माझं फाटक मोठ्या रस्त्याकडे काढलं, कारण तिथून फोटो छान येतो. त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक धावतात. माझ्या रस्त्यावर मात्र त्यांनी एकही ट्रक ठेवला नव्हता.

मग मला वस्तीच्या सभागृहात आणलं. लोकांचं मत घ्यायचं होतं म्हणे! एका मॅडमनी सगळ्यांना गोल लाल स्टिकर वाटले. "बोलायची गरज नाही. जी जागा महत्त्वाची वाटते तिथे चिकटवा."

बोलायची गरज नाही! आणि याला म्हणे मत घेणं.

"आणि जे नको असेल त्याला काय चिकटवायचं?" एका आजींनी विचारलं.

"आजी, आपण सकारात्मक राहू या."

"तू राहा गं बाई. माझे गुडघे काही ऐकत नाहीत."

लोक हसले. मॅडमनी त्या हसण्याचाही फोटो काढून घेतला.

तेवढ्यात पंक्चरवाला पुढे आला. विशीतला पोरगा, हात ऑइलने काळे. महिन्याभरापूर्वी त्याचा थोरला भाऊ त्याच रस्त्यावर, फाटक होणार त्याच जागेसमोर ट्रकखाली गेला होता. लेकाचा चेंडू आणायला धावला होता.

"फाटक मागच्या गल्लीत करा," तो म्हणाला.

"दादा, तुमची भावना स्टिकरमधून व्यक्त करा ना."

"मला दादा म्हणू नका!" तो ओरडला. "दादा गेला माझा. आता त्याचं पोरगं आहे घरात. ते या फाटकातून पळत सुटलं, तर तुमचा स्टिकर आडवा जाणार आहे का?"

मॅडमनी त्याला पाण्याचा ग्लास दिला. एवढंच सुचलं त्यांना.

त्याने पाणी घेतलं नाही. स्टिकरचा अख्खा कागद उचलला आणि एकेक करून सगळे माझ्या फाटकावर थापले. शेवटचा तर इतक्या जोरात की फाटकाचा एक खांब मोडला. आजींनी आपला स्टिकर त्याच्यावरच लावला. मग सगळं सभागृह उठलं. फाटक दिसेनासं झालं. मला वाटलं, आता आंधळ्यालाही कळेल.

आंधळ्याला कळलं असतं. लोकसहभागाचं मूल्यमापन करायला आलेले साहेब डोळस होते, चष्मा लावून बघत होते. "वा! फाटकाला सर्वाधिक पसंती!" म्हणाले. बिस्किटांसाठी आत घुसलेली पोरंही त्यांनी सहभागी नागरिकांत धरली आणि शेरा मारला, लोकसहभाग उत्कृष्ट. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घड्याला निदान आपण पालथे आहोत याचा गर्व तरी नसतो.

लोकांच्या इच्छेचा मान राखून मोठ्या रस्त्यावरचं फाटक दुप्पट रुंद झालं. वर कमान चढली. मागच्या गल्लीकडे सलग भिंत उभी राहिली.

आता त्याच फाटकाशी मला काचेच्या पेटीत ठेवलंय. रोज संध्याकाळी पंक्चरवाला दुकान बंद करून येतो आणि रस्त्यात हात पसरून उभा राहतो. "ए, थांब रे तिथेच! वहिनी, त्याचा हात सोडू नका!" ट्रकवाले त्याला शिव्या घालतात. तो त्यांना त्याहून मोठ्या घालतो.

परवा साहेब पुन्हा आले. त्याला बघून हरखले. "बघा, लोक बागेशी कसे जोडले गेलेत!" त्यांनी मोबाइल काढला. "जरा बाजूला सरका हो, कमान झाकली जातेय."

तो सरकला नाही. ट्रक येत होता, आणि पुतण्या फाटकात उभा होता.

मला बघायला येणार असाल तर काचेत डोकावू नका. स्पंजच्या झाडांत बघण्यासारखं काही नाही. सरळ मागच्या गल्लीत जा. ती भिंत एकाच विटेच्या जाडीची आहे. कुणाला न विचारता चार जणांनी खांदा लावला, तर पडेल.