चुन्यावर पडलेला चेंडू

मी ढाणकीचं मातीचं टेनिस कोर्ट बोलतोय. कोर्ट म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला आधी वकील आठवतो. पण माझ्यापुढे कधी खटले चालले नाहीत. चालला असलाच तर एकच, आणि तो सांगावा म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म १९५६ सालचा. त्याआधी मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागची पडीक जागा होतो. कापसाच्या हंगामात माझ्यावर गाड्या सुटायच्या, बैल बांधले जायचे. उन्हाळ्यात माझ्या काळ्या मातीला अशा भेगा पडत की गाडीची खीळ आत गेली तर पुन्हा हाती लागत नसे.

जिनिंगचे मालक भगवानराव. नागपूरला कॉलेजात असताना ते टेनिस शिकले होते. शिक्षण संपवून गावी आले तेव्हा ट्रंकेत दोन रॅकेटी होत्या. त्या कितीतरी वर्षं भिंतीला नुसत्या टांगलेल्या होत्या. खेळणार कुठं आणि कुणाबरोबर?

छप्पन साली बातमी आली की नोव्हेंबरात आपला मुलूख मुंबई राज्यात जाणार, आणि पैनगंगेच्या पलीकडचा, हैदराबाद राज्यातला मुलूखही तिथंच येणार. पिढ्यानपिढ्या ही नदी सरहद्द होती. पलीकडे लेकी दिलेल्या, पण कचेरी वेगळी, पोलीस वेगळे. आता दोन्ही काठ एक होणार म्हटल्यावर भगवानरावांना वाटलं, दोन्हीकडची माणसं वर्षातून एकदा तरी एकत्र यावीत. दुसऱ्या कुणी कुस्त्यांची दंगल भरवली असती. त्यांना टेनिस सुचलं.

आधी त्यांनी माझ्या काळ्या मातीवरच रूळ फिरवला आणि रेषा आखल्या. आठवड्याभराच्या उन्हात मी फाटलो. भगवानराव कमरेवर हात ठेवून भेगांकडे बघत उभे होते. तेवढ्यात जिनिंगच्या रस्त्यासाठी मुरूम घेऊन आलेला एक गाडीवाला खाली उतरला. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा तो बंजारा, वय तिशीचं. नाव फुलसिंग.

"मालक, हे काळी हाय," तो म्हणाला. "पावसात फुगते अन् उन्हात फाटते. कितीबी रूळ फिरवा, ऐकत नाही."

"मंग काय करावं?"

"काढा सारी, हातभर खोल. तुमाले पाह्यजे तशी जमीन म्या करून देतो."

आणि त्यानं दिली. दोन महिने तो आणि त्याची बायको सुखीबाई माझ्यावर राबले. खाली दगड, त्यावर मुरूम, त्यावर वारुळाची माती आणि विटांचा भुगा. ती माती सुखीबाईनं अशी चाळली होती की पीठ वाटावं. शेवटी फुलसिंगनं पाण्यात मीठ कालवून शिंपडलं.

"मीठ कायले?" भगवानरावांनी विचारलं.

"मीठ ओल धरून ठेवते. माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं साऱ्या मुलखात. गोणी जिथं उतरवल्या तिथली माती मंग उडे नाही, म्हणे."

त्या डिसेंबरात पहिली पैनगंगा स्पर्धा झाली. सोळा खेळाडू आले. उमरखेडचे वकील, पुसदचे डॉक्टर, जंगल खात्याचे एक रेंजर, आणि नदीपलीकडून आलेले पाच जण. त्यांना डिसेंबरात नदी पायी ओलांडता यायची. धोतर वर खोचून, रॅकेट फडक्यात बांधून डोक्यावर घेऊन ते आले. मुक्काम गावातल्या घरोघरी. बघायला लोक कापसाच्या गाठींवर चढून बसले. पंचांनी 'फिफ्टीन लव्ह', म्हणजे पंधरा-शून्य, असं पुकारलं की मागून कुणीतरी विचारी, "हा लव कोण हाय? मघापासून नाव घेऊन राह्यले, येत त नाही कुठी!"

बक्षीस होतं एक चांदीची ढाल. जिंकणाऱ्यानं ती वर्षभर घरी ठेवायची आणि पुढच्या डिसेंबरात परत आणायची.

फुलसिंग माझ्याकडेच राहिला. पहाटे पाणी, मग रूळ, मग चुन्याच्या रेषा, संध्याकाळी ओल्या गोणपाटानं माझं अंग सारखं करणं. मातीच्या कोर्टाची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. चेंडू पडला की माझ्यावर ठसा उमटतो. सिमेंटवर तो उमटत नाही. रोज संध्याकाळी ते ठसे पुसता पुसता फुलसिंग ते वाचायला शिकला. चेंडू कुठून आला, किती जोरात आला, रेषेला शिवला की नाही, त्याला सगळं कळायचं. एका वर्षी मागच्या रेषेवर बसून चेंडू आत की बाहेर ते सांगणारा माणूस आजारी पडला आणि फुलसिंगला तिथल्या स्टुलावर बसवलं. पुढे ते स्टूल त्याचंच झालं. त्याच्या निकालावर कुणी हुज्जत घातली नाही.

खेळाडूंमध्ये माझे आवडते दोघे. एक पुंडलिकराव, भगवानरावांचा पुतण्या. उंच, तापट, खेळायला लागला की सगळ्या अंगानं खेळणारा. दुसरे घनश्याम मास्तर, नदीपलीकडे हिमायतनगरच्या शाळेत शिकवायचे. ठेंगणे, चष्मा दोऱ्यानं कानामागे बांधलेला, कधीच घाईत नसलेले. साठ साली आणि एकसष्ट साली अंतिम सामन्यात पुंडलिकराव मास्तरांकडून हरले. बासष्टला चीनचं युद्ध झालं म्हणून स्पर्धा भरली नाही. त्यामुळे त्रेसष्टला पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले, तेव्हा अख्खं ढाणकी गाठींवर बसलं होतं. ढाल एकदा तरी आपल्या गावात राहावी असं सगळ्यांना वाटत होतं. भगवानरावांना तर फारच वाटत होतं.

एक सेट मास्तरांनी घेतला, एक पुंडलिकरावांनी. तिसऱ्यात पुंडलिकराव पाच-चारनं पुढे गेले. एक गुण मिळाला की सामना संपणार होता. लोक हलगी घेऊन तयार होते.

मास्तरांनी एक उंच, खोल चेंडू मारला. पुंडलिकराव मागे धावले, मग थांबले, आणि चेंडू त्यांच्या पायाशी, मागच्या रेषेवर पडला. निम्मा मातीवर, निम्मा चुन्यावर; आणि चुन्याला शिवलेला चेंडू आतच धरतात. माझ्याच अंगावर पडला तो, मला कसं कळणार नाही?

"आउट!" पुंडलिकराव ओरडले आणि रॅकेट वर करून जाळीकडे धावले. हलगी वाजायला लागली. दोघे-तिघे गाठींवरून उड्या मारून आत आले.

उंच खुर्चीवरचे पंच, उमरखेडचे वकील, यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि फुलसिंगकडे पाहिलं. फुलसिंग स्टुलावरून उठला. ठशापाशी येऊन उकिडवा बसला. बोट न लावता त्यानं नीट पाहिलं.

"आत हाय," तो म्हणाला.

हलगी थांबली. भगवानराव आपल्या खुर्चीवरून उठून जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "फुलसिंग, नीट पाय. घाई नोको करू."

"पाह्यलं मालक. चुना उडला हाय. चेंडू आत हाय."

"म्या उभा होतो का तू उभा होता तिथं?" पुंडलिकराव जाळीपासूनच ओरडले.

"तुमी उभे होते. या ना, तुमी बी पाहा."

पुंडलिकराव आले नाहीत. ते जाळीकडे तोंड करून उभे राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मातीला कुठला आवाज? फुलसिंग एकटाच त्या ठशाशेजारी बसलेला, आणि सभोवती चारशे माणसं त्याच्यावर रागावलेली.

पंचांनी गुण मास्तरांना दिला. त्यानंतर पुंडलिकरावांचा हात बसलाच नाही. मास्तरांनी सात-पाचनं सामना जिंकला आणि ढाल नदीपलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलसिंग पाणी मारत होता. पुंडलिकराव आले आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नोको." जिनिंगच्या कचेरीच्या खिडकीत भगवानराव उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ते आत वळले.

सुखीबाईनं आपली चाळणी उचलली. सात वर्षांत मला त्यांची गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा, कळू लागली होती. तिनं विचारलं, "आउट म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

फुलसिंगनं घागर पालथी ठेवली. मग म्हणाला, "मग रोज सकाळी या जमिनीवर झाडू कोणत्या तोंडानं मारला असता?"

दोघं गाडी जुंपून तांड्यावर गेली.

पुढच्या वर्षी माझी काळजी घ्यायला जिनिंगमधले दोन गडी लावले. बिचारे पाणी भसाभस ओतायचे आणि चिखलावरच रूळ फिरवायचे. माझे पापुद्रे निघाले. डिसेंबरात घनश्याम मास्तर ढाल घेऊन आले. ती टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "फुलसिंग दिसत नाहीत?"

सगळे वकिलांकडे पाहू लागले. शेवटी वकिलांनी सांगितलं.

मास्तरांनी चष्म्याचा दोरा सोडला. "मग मी खेळत नाही, भगवानराव. हरायला माझी हरकत नाही. पण मागच्या रेषेवर बसणाऱ्या माणसाला खरं बोलायची भीती वाटत असेल, तर जिंकूनही काय करू?"

ते गेले आणि पलीकडून आलेले सगळेच त्यांच्याबरोबर गेले. उरलेल्यांत पुंडलिकराव जिंकले. अंतिम सामना अर्ध्या तासात आटोपला. ढाल अखेर ढाणकीत राहिली, पण पुंडलिकरावांनी ती घरी नेली नाही. कचेरीच्या कपाटात ठेवून ते शेतावर निघून गेले.

तिसऱ्या दिवशी भगवानरावांनी दमणी जुंपायला लावली आणि ते फुलसिंगच्या तांड्यावर गेले. तिथं काय झालं ते मी त्यांचा गाडीवान रामधन याच्या तोंडून ऐकलं. भगवानराव खाटेवर बसले, चहा प्यायले. मग म्हणाले, "फुलसिंग, माहं चुकलं. म्या खिडकीत उभा होतो. सारं ऐकून राह्यलो होतो."

फुलसिंगनं मान खाली घातली. सुखीबाई मात्र म्हणाली, "आले त बरं झालं मालक. पण तुमाले यायले एक वर्स लागलं."

"हो," भगवानराव म्हणाले. "लागलं."

आपल्या शेतातला कापूस वेचून झाल्यावर फुलसिंग परत आला. त्यानं माझी वरची माती खरवडून काढली आणि नवी चढवली. मी पुन्हा पूर्वीसारखा झालो. खरं सांगतो, इतकं सुख मला पहिल्या वर्षीही झालं नव्हतं.

ही बातमी नदीपलीकडे पोचली. पासष्टच्या स्पर्धेसाठी तीस जणांची पत्रं आली, इतकी कधीच आली नव्हती. घनश्याम मास्तरांचं पत्र सगळ्यात आधी. भगवानराव ती पत्रं खिशात घेऊन हिंडायचे.

पण त्या वर्षी पावसानं दगा दिला. दिवाळीपर्यंत गावातल्या विहिरी तळाला गेल्या. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली तेव्हा भगवानराव म्हणाले, "फुलसिंग, कोर्टाले पाणी माराले लाग आता. जिनिंगच्या विहिरीत थोडं हाय."

फुलसिंग जागचा हलला नाही. "मालक, रोज साठ घागरी लागतात हिले. तुमच्या विहिरीत बायका उतरून वाटी-वाटीनं भरून राह्यल्या. त्याहिच्या देखत म्या जमिनीले पाणी पाजू?"

"पंधराच दिवसाचा त प्रश्न हाय."

"माह्यानं नाही होत मालक. दुसऱ्या कोणाले सांगा."

मला वाटलं, आता पुन्हा तेच होणार. भगवानराव तडक विहिरीकडे गेले. तासाभरानं परत आले ते हळूहळू चालत. माझ्या कडेला असलेल्या पंचांच्या खुर्चीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "तीस पोस्टकार्डं आणाले सांग पोस्टातून." ती सगळी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. गावात पाणी नाही, स्पर्धा होणार नाही, क्षमा असावी. शेवटचं कार्ड घनश्याम मास्तरांचं होतं. ते लिहायला त्यांना फार वेळ लागला.

मला तेव्हा राग आला होता. ज्यानं मला घडवलं त्यानंच मला तहानेनं मारलं, असं वाटलं. माझी माती सुटली, वाऱ्यानं उडायला लागली. पण जिनिंगच्या विहिरीवर उभ्या असलेल्या बाया मला माझ्या जागेवरून दिसत होत्या. राग फार दिवस टिकला नाही.

स्पर्धा पुन्हा भरली नाही. पुढच्या वर्षीही पाऊस बेतानंच झाला. मास्तरांची बदली दूर बीडकडे झाली. सदुसष्टच्या उन्हाळ्यात भगवानराव गेले. त्यांच्याशिवाय तीस माणसांना पत्रं कोण लिहिणार?

अडुसष्टला ज्वारी अमाप पिकली. जिनिंग आता पुंडलिकराव पाहत होते. फुलसिंग त्यांना म्हणाला, "हे जमीन टणक हाय, खळं मस्त होईन." पुंडलिकराव हो म्हणाले. फुलसिंगनं मला शेणानं सारवलं, मधोमध मेढ रोवली, आणि बैल माझ्यावर गोल गोल फिरू लागले. कणसांचा तो भार मला आवडला.

एके दिवशी दुपारी बैल सोडून फुलसिंग भाकर खायला बसला होता. पुंडलिकराव येऊन त्याच्याजवळ भुईवर बसले. थोडा वेळ उगाच दाणे चिवडत राहिले.

"फुलसिंग."

"जी."

"थो चेंडू मले दिसला होता. आत पडताना."

फुलसिंगनं घास संपवला. "मले मालूम हाय, मालक."

"कसं काय?"

"तुमी पाह्याले आले नाही. ज्याले खरंच आउट दिसते थो धावत येते, वाकून ठसा दाखवते."

पुंडलिकरावांनी हातातले दाणे खाली टाकले. मग त्यांनी हात पुढे केला. फुलसिंगनं भाकरीचा अर्धा भाग मोडून त्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि तो त्यांच्या हातावर दिला. दोघे जेवले. नंतर बैल जुंपायला पुंडलिकरावही उठले.

आज माझ्यावर रेषा नाहीत, जाळीचे खांब कुणीतरी गोठ्याला लावले, आणि मी खळं म्हणून ओळखला जातो. माझी काही तक्रार नाही. आठ वेळा भरलेल्या त्या स्पर्धेची नोंद कुठं सापडायची नाही, मलाही ती वर्षं आता थोडी पुसट दिसतात. पण नदीच्या अलीकडे किंवा पलीकडे तेव्हाचा कुणी खेळाडू तुम्हाला भेटला आणि ढाणकीच्या कोर्टाचा विषय निघाला, तर ढाल कुणी किती वेळा जिंकली ते विचारू नका. मागच्या रेषेवर कोण बसायचं ते विचारा. येतो मी. कणसं आली आहेत.