मुख्य कलाकार आणि साथीदार

सत्काराच्या त्या एका नारळातून चारुदत्त देवस्थळीला बरंच काही मिळणार होतं. नारळाबरोबर शाल होती, शालीबरोबर फोटो होता, आणि फोटो आईच्या फोनवर पोचला की कर्वेनगरातली अख्खी सोसायटी तो बघणार होती. शिवाय मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतली एक जागा रिकामी होत होती. आणि बायको, अनुराधा, जिला नवऱ्याच्या बँडसाठी ‘गॅरेजमधलं भजनी मंडळ’ यापलीकडे शब्द सुचला नव्हता, ती पहिल्या रांगेत बसणार होती. बदल्यात द्यायचं काय? काहीच नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

बँड मुळात टेरीचा. टेरी विलायतेतल्या न्यूकॅसलचा, बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक; न्यूझीलंडमध्ये, माउंट रॉस्किलला, चारुदत्तच्या मागच्याच घरात राहायचा. पोरवयात त्याने तिकडे मित्रांबरोबर रिदम अँड ब्लूजचा बँड काढला होता, ‘द स्लेट रूफ्स’. कोळशाच्या गावातली ती गोरी पोरं अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गाणी अशी गायची, की तिकीट न मिळालेले लोक थंडीत भिंतीला कान लावून उभे राहत. मग एका संध्याकाळी हॉलच्या दारावर पोस्टर झळकलं, ‘रॉनी अँड द स्लेट रूफ्स’. रॉनी म्हणजे त्यांचा गायक. टेरीने माउथ ऑर्गन खिशात टाकला, तसाच घरी गेला, आणि वर्षाच्या आत बोटीने न्यूझीलंड गाठलं.

२०१२ साली कुंपणापलीकडून त्याला चारुदत्तची पेटी ऐकू आली. आयटीतला हा माणूस शनिवारी सकाळी नाट्यगीतं वाजवायचा. टेरीने त्याला आपल्या गॅरेजमधल्या जुन्या इलेक्ट्रिक ऑर्गनवर बसवलं. उजवा हात सुरेल चालला, पण डावा हवेत पुढे-मागे होत राहिला, नसलेला भाता मारत.

“त्या हाताला काहीतरी नोकरी दे रे बाबा,” टेरी म्हणाला, आणि वर्षभर बसून त्याने ती दिली.

ड्रमवर शार्दूल आला. मुंबईचा, शिकायला म्हणून आलेला आणि टायरच्या दुकानात स्थिरावलेला. बास गिटार वायरेमूकडे. तो माओरी, बस चालवायचा, आणि बोलायचाही थांब्याथांब्यानेच. नाव जुनंच ठेवलं, ‘द स्लेट रूफ्स’. नियम एकच.

“उशिरा या, बेसूर व्हा, बियर सांडा,” टेरी म्हणाला. “पण बँडच्या नावाआधी कुणाचं नाव लागणार नाही. माझंही नाही.”

आधी क्लबांतले म्हातारे नाचले. मग ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या पबमध्ये डेअरी फॅक्टरीतली पोरं टेबलांवर चढली. पुढे पार ख्राइस्टचर्चजवळच्या हॉर्नबीहून बोलावणं आलं. आणि २०१७च्या थंडीत, म्हणजे तिकडच्या जुलैत, तौरंगाच्या ब्लूज उत्सवाची ईमेल आली : येत्या ईस्टरला, मोठ्या स्टेजवर. टेरीने ती मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली. चहा करतो म्हणून आत गेला आणि चहाशिवाय परत आला.

“रॉनीला हे कधी मिळालं नाही,” एवढंच म्हणाला.

त्याच महिन्यात मंडळाच्या गणेशोत्सवाचं निमंत्रण आलं. मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरकाका फोनवर म्हणाले, “परिचय लिहायचाय. मुख्य कलाकार कोण?”

“आमच्यात तसं नसतं हो, काका.”

“नसतं कसं? मैफल म्हटली की एक कलाकार, बाकी साथीदार. नारळ काय चौघांत फोडायचाय? ते गोरे आजोबा आहेत का मुख्य?”

चारुदत्तने हिशेब केला. निवेदन मराठीत होणार. टेरीला मराठी येत नाही, वायरेमूलाही नाही, आणि शार्दूल आपलाच, समजून घेईल.

“मग… माझंच लिहा.”

शाळेच्या हॉलमध्ये बँड असा वाजला की आरतीसाठी आलेल्या आज्यासुद्धा मान डोलावू लागल्या. मग सत्कार. निवेदिका सुनेत्राने आधी मराठीत सांगितलं. आणि पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून तेच सगळं, अगदी प्रेमाने, इंग्रजीतही सांगितलं : चारुदत्त देवस्थळी यांनी स्थापन केलेला बँड, माउथ ऑर्गनवर त्यांना साथ केली श्री. टेरी यांनी. मंडळात ही पद्धत दर वर्षीची. चारुदत्तने स्वतः ती दहादा पाहिली होती, पण हिशेबात धरायची राहिली.

टेरीने टाळ्या वाजवल्या. खाली येऊन पानावरचा मोदकही संपवला.

“हे त्यांना कुणी सांगितलं?” त्याने विचारलं.

“मंडळाची पद्धत आहे, टेरी. मला माहीतसुद्धा नव्हतं.”

मोरेश्वरकाका तुपाची वाटी घेऊन तिथेच उभे होते. “असं कसं?” ते कौतुकाने इंग्रजीत म्हणाले. “मी याला फोन करून विचारूनच घेतलं की!”

शार्दूल हळूच मराठीत बोलला, “चारूदादा, निदान खोटं तरी नीट बोलायचं.”

टेरीने माउथ ऑर्गन रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. “शनिवारी ऑर्गन घेऊन जा,” तो म्हणाला. “मला गॅरेज रिकामं लागेल.”

चारुदत्त तीनदा कुंपणाशी जाऊन उभा राहिला. चौथ्यांदा टेरीने तिथे झुडपांचं दाट हेज लावलेलं दिसलं. तौरंगाला नकार टेरीनेच कळवला. शार्दूल हॉर्नबीच्या टायरच्या दुकानात लागला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला. वायरेमू चर्चमध्ये वाजवायला लागला. त्याला कुणी काही विचारलं नाही, आधीही विचारलं नव्हतं.

चारुदत्तला ठरल्याप्रमाणे सगळं मिळालं. फोटो कर्वेनगरात फिरला. कार्यकारिणीची जागा मिळाली. अनुराधा त्या दिवसापासून म्हणते, “मुख्य कलाकारांनी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवावा. साथीदार कुणी उरले नाहीत.” शाल ऑर्गनवर टाकली आहे, धूळ बसू नये म्हणून. २०१९च्या गणपतीत तो आरतीला पेटीवर बसला. डावा हात पुन्हा भात्यावर.

त्याच वर्षी टेरी गेला, तौरंगाच्या त्या मोठ्या स्टेजवर एकदाही न वाजवता. एका पोस्टरची किंमत त्याने तरुणपणी भरली होती, एका नारळाची म्हातारपणी भरली. नाव दोन्ही वेळा दुसऱ्याचं झालं.