आईच्या मांडीवरची टोपली

जुन्या पोस्टरांच्या सरकारी प्रदर्शनाचं आमंत्रण दादाला आलं, धाकटीला नाही. येणार कसं? सरकारदरबारी ती जन्मलीच नव्हती!

पन्नास वर्षांपूर्वी त्यांचे वडील आरोग्य खात्याच्या प्रचारगाडीवर ड्रायव्हर होते. साहेबांना पोस्टरसाठी फुकटात एक हसरं कुटुंब हवं होतं, ते घरचंच सापडलं. आई, वडील, दादा, ताई. नडली ती धाकटी. दीड वर्षाची पोर आईची मांडी सोडेना, रडून स्टुडिओ डोक्यावर घेतला. फोटोवाल्याने तशीच टिपली आणि मागाहून पुसून टाकली. आईचे हात मात्र कुणाला तरी धरल्यासारखे राहिले, म्हणून त्यांत रंगवली फळांची टोपली. खाली ठळक अक्षरांत : दोनच पुरेत. दवाखान्यात, पोस्टात, शाळेच्या भिंतीवर, जाल तिथे ती टोपली. वर्गातली पोरं तिला त्याच नावाने हाक मारायची.

आईशी तिचं बिनसलं ते यावरूनच. तू मला पुसू दिलंस, हे तिने आईला उठता-बसता ऐकवलं. आई गप्प. शेवटची दोन वर्षं तर धाकटी माहेरी फिरकलीच नाही. गेल्या महिन्यात आई गेली. सगळी कपाटं उपसली, पण आईच्या कुशीत धाकटी आहे असा एकही फोटो निघाला नाही. काढलाच होता एक, त्या स्टुडिओतला. तेवढा तिला हवा होता. बाकी प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

हॉलच्या दारातच ते पोस्टर टांगलेलं, माणसाहून मोठं. ताई लांब राहायची, तिला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. दादा मात्र कडक इस्त्रीत पहिल्या रांगेत बसला होता. धाकटीला बघून त्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आणि इथे तमाशा नको म्हणून बजावलं.

ती थेट म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे गेली. सत्काराची वाट बघत तो सोफ्यावर बसला होता. तिने मूळ निगेटिव्ह मागितली. कोण कुठली ते कळल्यावर त्याला हसूच आलं. निगेटिव्ह कसली, ती ब्लेडने खरवडली, साहेबांचा हुकूमच तसा होता. काम इतकं सफाईचं की कुणाला संशयसुद्धा आला नाही, हे वर ऐकवलं. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखादी कॉपी तरी असेल, ती म्हणाली.

"होती एक. तुझी आई यायची ना त्यासाठी, दर वर्षी. माझी पोर आहे त्यात, द्या म्हणायची. नुसता वैताग. शेवटी तिच्यासमोर फाडली, तेव्हा कुठे थांबली."

धाकटी तशीच मागे फिरली. आईला काय काय बोललो आपण! आणि त्या बाईने एकदाही तोंड उघडलं नाही.

तिकडे दादाचं भाषण झालं. आम्ही दोघं भावंडं कशी सुखात वाढलो, वगैरे. टाळ्या पडल्या. पुष्पगुच्छ घेऊन तो खाली आला, तशी ती आडवी गेली.

"आई फोटोसाठी स्टुडिओत जायची, तुला माहीत होतं?"

"मीच न्यायचो तिला, सायकलवर. परत येताना रस्ताभर रडायची."

"आणि मला बोलला नाहीस."

"बाबांची नोकरी होती. तू पडलीस तोंडाळ, गावभर केलं असतंस." त्याने गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. "नंतर मग राहूनच गेलं."

"दोन वर्षं ती माझी वाट बघत होती, दादा. तेव्हाही राहून गेलं?"

तेवढ्यात स्टेजवरून फोटोसाठी कुणीतरी हाक मारली, आणि तो गेला.